सांगून घातलेलं पाणी

आबा कुठल्याही दुधाचा पहिला थेंब अंगठ्याच्या नखावर घेत. चहा असो, नातीची बाटली असो की माझ्या सकाळच्या कॉर्नफ्लेक्सवर ओतायचं दूध असो, फ्रिजमधून दूध बाहेर निघालं की आबांचा डावा अंगठा पुढे यायचा. नख जरा तिरकं धरायचं, थेंब टाकायचा आणि बघत राहायचं. थेंब जागच्या जागी बसून राहिला की आबा मान हलवायचे, मगच दूध पुढे जायचं. ओघळला तर काय, हे ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो कधी ओघळलाच नव्हता. "कंपनीवर विश्वास हाये माहा," ते म्हणायचे, "पण नखाले इचारून घेतलेलं बरं."

मी त्या घरात भाड्याची एक खोली घेऊन शिकत होते. घर मिलिंददादा आणि शीतलताईंचं. आबा मिलिंददादाचे वडील, अकोल्याकडचे. मिलिंददादाची आई गेल्यावर त्याने त्यांना लांबच्या मुक्कामाला बोलावून घेतलं होतं आणि ते आले ते मैत्रीसाठी. मैत्री म्हणजे त्यांची नात. दोन वर्षं पूर्ण करून वर थोडी झालेली, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र इंग्रजीत देणारी. शीतलताई वृद्धांच्या एका रेस्ट होममध्ये नर्स होत्या, त्यांची पाळी दुपारी सुरू व्हायची. मिलिंददादा शहरातून बसने येईपर्यंत संध्याकाळ होऊन जायची. म्हणजे मैत्रीची संध्याकाळ आबांची. तिला आंघोळ घालणं, वरण-भात भरवणं आणि शेवटी दुधाची बाटली देऊन झोपवणं.

आबा जन्मभर सरकारी दूध योजनेत नोकरीला होते. केंद्रावर दूध घेणं, तपासणं, वाटणं. "मी डेअरीत होतो," असं ते इथल्या मराठी मंडळींना सांगायचे, तेव्हा तरुण मुलं विचारायची, "कुठल्या कोपऱ्यावरच्या, आबा?" कारण इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. आबा हसायचे आणि खोलीत जाऊन पुरावा घेऊन यायचे. पुरावा म्हणजे त्यांचा लॅक्टोमीटर. काचेची नळी, खाली फुगा, वर आकड्यांची पट्टी. दुधात सोडली की चांगल्या दुधात ती वर तरंगते, पाणी घातलेलं असेल तर खाली बसते. निवृत्तीच्या वेळी लोकांनी शाल दिली होती, ती ते अकोल्यात ठेवून आले. लॅक्टोमीटर मात्र बनियनमध्ये गुंडाळून आणला. विमानतळावर बॅग उघडायला लावली, तेव्हा तपासणाऱ्या तरुणाने विचारलं, हे काय आहे. आबांनी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, "मिल्क. वॉटर. चेक." तो तरुण म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'मस्त, चालेल'. हे दोन शब्द आबांना इतके आवडले की थेंब नखावर बसला की पुढे कधी कधी तेही म्हणायचे, "स्वीट ॲज."

मैत्रीला झोपवण्याची त्यांची एक पद्धत होती. उन्हाळ्यात ऑकलंडला रात्रीच्या जेवणाची वेळ टळली तरी ऊन हलत नाही. पडदे ओढूनही खोलीत उजेड असतो आणि दोन वर्षांच्या मुलीला अशा उजेडात झोप म्हणजे अन्याय वाटतो. आबा पलंगाशेजारी खाली सतरंजीवर बसायचे. बाटली तिच्या हातात द्यायचे. ती पीत पीत त्यांच्या कानाची पाळी चोळायची. दूध अर्धं झालं की हात सैल पडायचा आणि बाटली तोंडातच राहायची. आबा ती काढायचे नाहीत. "लेकराच्या तोंडातलं दूध ओढून कायले घ्याचं?" हे त्यांचं म्हणणं. ते तसेच बसून राहायचे. मी एकदा विचारलं, पाय नाही का दुखत? म्हणाले, "पोरी, माह्या हातचं दूध कोणी इतकं निवांत पेलं नाई आजवर. बसू दे मले."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नाही.

मग मैत्रीच्या वरच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. शीतलताई तिला मुलांच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की झोपताना प्यायलेलं दूध रात्रभर दातांवर राहतं आणि दात किडवतं. एकदम बंद करता येत असेल तर उत्तम. नसेल तर बाटलीतल्या दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी उरू द्या. हे झालं नाही तर पुढे तिला भूल देऊन पुढचे दात काढावे लागतील.

एकदम बंद करण्याचा प्रयत्न आधी झाला. पहिल्या संध्याकाळी मैत्री इतकी रडली की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून सगळं ठीक आहे ना विचारून गेलं. दुसऱ्या संध्याकाळी आबांनीच हार खाल्ली आणि बाटली भरली. मग शीतलताईंनी दुसरा उपाय मांडला.

"आबा, थोडंसं पाणी घालायचं फक्त. तिला कळणारही नाही."

"पाणी?"

"हो."

"दुधात?"

मिलिंददादा कांदा चिरत होता, त्याने वर पाहिलं नाही. आबा म्हणाले, "शीतल, तू म्हणशीन ते करीन. रात्रभर जागीन. पण दुधात पाणी माह्या हातून पडणार नाई."

"मैत्रीचे दात जातील, आबा."

"दुधाचेच दात हायेत. पुन्हा येतात."

"भूल देऊन काढतात. दोन वर्षांच्या पोरीला."

आबा उठून घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन बसले. त्यांना पोरीची काळजी नव्हती असं कुणी म्हणू शकलं नसतं. पण त्यांच्यात एक जागा अशी होती, की तिथे काळजीचंही चालत नव्हतं. शीतलताई मला म्हणाल्या, "माझ्या पेशंटांना मी कडू औषध जॅममध्ये घालून देते. हे काय वेगळं आहे?" 

त्यानंतर एका शनिवारी सकाळी थेंब ओघळला.

मी ओट्यापाशीच होते. आबांनी चहासाठी दूध काढलं, नखावर टाकलं आणि थेंब सरळ अंगठ्यावरून मनगटाकडे गेला. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग आतून लॅक्टोमीटर आला, उंच ग्लासात दूध ओतलं, नळी सोडली. नळी खाली गेली. आबांचा चेहरा असा झाला, जसा चोरी झालेल्या घराच्या दारात उभ्या माणसाचा होतो. "चाल," ते मला म्हणाले. "तुले इंग्रजी येते. चाल माह्यासंगं."

दूध कोपऱ्यावरच्या डेअरीतून आलेलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनीच आणलेलं; मैत्रीची बाटली जुन्या दुधातून भरली होती, आणि सकाळी झाकण उघडं दिसलं तरी ते मिलिंददादाने फोडलं असेल असं त्यांनी धरलं. दुकान एका फिजीच्या बाईंचं. त्यांचे पूर्वज कधीकाळी मजूर म्हणून फिजीत नेलेले, त्यामुळे बाई त्यांची वेगळ्या वळणाची हिंदी बोलायच्या आणि माझ्या इंग्रजीची गरजच पडली नाही. आबांनी बाटली काउंटरवर ठेवली. "बहनजी, इसमें पानी है."

बाईंना वाटलं थट्टा आहे. मग त्यांनी आबांच्या तोंडाकडे पाहिलं. "हमार दूध में पानी? बाबूजी, सील तोहे तोड़े हो. हम तो खोले भी नहीं."

"मैंने जिंदगीभर यही काम किया है. मेरा नख झूठ नहीं बोलता."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक पोरगा पाय घासत जॅंडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, वाजवत उभा होता, तो वाजवायचा थांबला. बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी फ्रिज उघडून त्याच कंपनीची नवी बाटली काढली, आमच्यासमोर झाकण फोडलं आणि म्हणाल्या, "देखो. जो देखना है सब के सामने देखो."

आबांनी थेंब घेतला. थेंब बसला. मोत्यासारखा बसला. त्यांनी दुसरा घेतला, तोही बसला.  आबांनी नव्या बाटलीचे पैसे ठेवले आणि आम्ही बाहेर पडलो.

चढ चढून घरी आलो, तर शीतलताई दारातच उभ्या होत्या. उशिरा उठल्या होत्या आणि मिलिंददादाकडून कळलं होतं आबा कुठे गेले ते. "आबा, मी घातलं पाणी," त्या म्हणाल्या. "काल ड्यूटीवरून आल्यावर. म्हटलं, फ्रिजमधल्या बाटलीतच घातलं म्हणजे तुमच्या हातून काही होणार नाही."

मला वाटलं आता भडका उडणार. शीतलताईंनाही तेच वाटत असावं, कारण त्यांनी दाराची चौकट धरली होती. आबा पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. मग म्हणाले, "तुह्यावर राग नाई, बाई. तू माय हायेस तिची. पण मी त्या बाईवर आळ घेतला."

आणि तिथे, पायरीवर, त्यांनी ते सांगितलं. मिलिंददादालाही त्यातलं अर्धंच माहीत होतं.

नोकरीचं पहिलं वर्ष. एका तालुक्याच्या गावी दूध केंद्रावर नेमणूक. रांगेतल्या लोकांना हळूहळू कळलं, की हा नवा पोरगा कुठल्या वस्तीतला आहे. कुणी तोंडावर काही बोललं नाही. रांग मात्र रोडावली. मग कुणीतरी तक्रार केली, की हा दुधात पाणी घालतो. "माह्या हातचं नको, असं म्हणता येत नोतं त्याइले," आबा म्हणाले. "कायदा होता. मंग पाण्याचं नाव घेतलं." त्यांना घरी बसवलं गेलं. साहेब आले, दूध तपासलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दूध चोख निघालं. आबा परत केंद्रावर उभे राहिले. रांगही परत आली, कारण दूध तर सगळ्यांनाच हवं होतं. "पण माफी मागाले कोणी आलं नाई. एक माणूस नाई. चाळीस पावलांवर घरं होती त्याइची."

आमच्या घरी मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढले. वडील रात्री घड्या घालायचे, मी शाईचा वास घेत झोपायचे. त्या पत्रकांत हीच गोष्ट किती वेगवेगळ्या गावांच्या नावांनी छापलेली असायची आणि शेवटी मोठ्या टाइपात जाब विचारलेला असायचा. मला अजूनही तो जाब विचारावासा वाटतो, आणि मी तो विचारत राहणार. माणसाला कामावरून काढायला जातीचं नाव घ्यावं लागत नाही, पाण्याचं घेतलं तरी भागतं, हे ज्यांना क्षुल्लक वाटतं त्यांच्याशी माझं पटत नाही. पण त्या सकाळी आबांना जाब विचारायचा नव्हता. ते बूट घातलेलेच होते. उठले आणि म्हणाले, "जाऊन येतो. हे उद्यावर ठेवाचं काम नाई."

मी न सांगता मागोमाग गेले. दुकानात आता तीन-चार माणसं होती. आबांनी ती जाण्याची वाट पाहिली नाही. सगळ्यांसमोर आळ घेतला, तर सगळ्यांसमोरच. "बहनजी, गलती मेरी थी. पानी मेरे घर में पड़ा. आपका दूध अच्छा था. मैं माफी मांगने आया हूं."

बाईंनी काउंटरमागून विचारलं, "घर में कौन डाला?"

"बहू ने. बच्ची के दांत के लिए."

"अच्छा किया. हमार पोता के चार दांत निकाले हैं." मग त्यांनी एका गिऱ्हाइकाचे पैसे मोजून घेतले, आबांना तसंच उभं ठेवलं आणि शेवटी म्हणाल्या, "अब से दूध यहीं देख के ले जाना, बाबूजी. घर जा के वापस चढ़ाई मत करना."

पुढे हा त्यांचा नेहमीचा टोमणा झाला. आबा दुकानात शिरले की त्या विचारायच्या, "आज पास करोगे कि फेल?" आणि आबा मान खाली घालून म्हणायचे, "पास, बहनजी. आप तो हमेशा पास."

त्या संध्याकाळी आबांनी मैत्रीला ओट्यावर बसवलं. समोर दुधाची बाटली, शेजारी पाण्याचा छोटा स्टीलचा पेला. शीतलताई शनिवार असल्याने घरी होत्या. आबा नातीशी असे बोलले, जसे रांगेतल्या मोठ्या माणसाशी बोलत असतील.

"मैत्रीबाई, हे दूध. हे पाणी. आज मी तुह्या दुधात पाणी घालून राहिलो. तुहे दात दुखू नये म्हणून. चव बदलंन. तुले आवडणार नाई."

त्यांनी पेला उचलला. तो काही क्षण हवेतच राहिला. मग त्यांनी धार सोडली.  मैत्रीने बाटली तोंडाला लावली, काढली, आणि म्हणाली, "यक्की."

"हाव," आबा म्हणाले. "यक्कीच हाये."

शीतलताई हळूच म्हणाल्या, "आबा, असं सांगितलं तर कशी पिणार ती?"

"न सांगता घातलं तर भेसळ, बाई. सांगून घातलं तर औषध. मले एवढाच फरक समजते."

ती प्यायली नाही. रडली. आबा सतरंजीवर बसून राहिले, त्यांनी कान पुढे केला, तिने पाळी ओढली, चावली, पुन्हा रडली, आणि उशिरा थकून झोपली. दुसऱ्या दिवशी तिने पेला आपल्या हातात मागितला. "मी डू, आबा." आबांनी दिला. अर्धं पाणी ओट्यावर सांडलं, काही बाटलीत गेलं. पाणी घालण्याचा अधिकार आपला आहे हे कळल्यावर तिचा विरोध निम्मा उतरला. कधी ती एक थेंब घालायची आणि लबाडीने आबांकडे बघायची. आबा म्हणायचे, "काल याच्याहून जास्त होतं. मी पायलं." ती सुस्कारा सोडून आणखी घालायची.

सकाळी हिल्सबरोच्या बागेतल्या बाकावर मुलांकडे आलेले आई-वडील जमत. तिथे सल्ल्यांना तोटा नव्हता. पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, "अहो, कारल्याचा रस लावा बाटलीच्या बोंडाला. दोन दिवसांत काम फत्ते." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या सूनबाईंनी सांगितलं, तो मांजराएवढा प्राणी, पोसम, आला आणि बाटली घेऊन गेला. झाडावर दाखवला सुद्धा. नातू पुन्हा मागेना."

आबांनी विचारलं, "आता तो नातू पोसमले भितो का?"

"भितो थोडा."

"पायलं? त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? कोणावरही आळ घ्याचा म्हणजे काय."

काकू हसून म्हणाल्या, "तुमचं म्हणजे कोर्टच आहे हो." आबांनाही हसू आलं. पण कारलं लावलं नाही आणि पोसमही आला नाही.

हे सोपं गेलं, असं मी लिहिणार नाही. मैत्रीला सर्दी झाली तेव्हा तिने पाणी घातलेली बाटली भिंतीवर फेकली आणि आबांनी आठवडाभर नुसतं दूध दिलं. तेही सांगून. "आज पाणी नाई. तू बरी नाई म्हणून. बरी झालीस की पुन्हा." शीतलताई चिडल्या, आबांनी ऐकून घेतलं. बरी झाल्यावर ते खरंच पुन्हा तिथूनच सुरू झाले. दूध पातळ होत निळसर दिसू लागलं. ज्या रंगाच्या दुधाचे कॅन आबांनी आयुष्यभर परत पाठवले असतील, तो रंग ते रोज संध्याकाळी नातीच्या हातात देत होते. एकदा त्या बाटलीकडे बघत म्हणाले, "माह्या साहेबानं हे पायलं असतं, तर माही पेन्शन गेली असती."

इकडे मार्च-एप्रिलमध्ये येणारा शरद ऋतू लागला, संध्याकाळी लवकर अंधारू लागलं, आणि एक दिवस बाटलीत फक्त पाणी होतं. मैत्रीने दोन घोट घेतले, बाटली आबांना परत दिली आणि कानाची पाळी धरून झोपली. दातांच्या बाईंनी पुढच्या वेळी तपासून सांगितलं, की एका दाताला टोपी बसवावी लागेल, बाकीचे वाचले, डाग वाढलेले नाहीत. शीतलताईंनी गाडीत बसल्यावर आबांना फोन करून हे सांगितलं. आबा म्हणाले, "एक गेलाच ना पण. मी पयल्याच दिवशी ऐकलं असतं तर तोही वाचला असता." त्यांनी स्वतःलाही सूट दिली नाही.

मुक्काम संपला आणि ते अकोल्याला परतले. निघायच्या संध्याकाळी मैत्रीला त्यांनी सांगितलं, की आबा आता विमानात बसून लांब जाणार, उद्या सकाळी घरात नसणार, परवाही नसणार. मिलिंददादा म्हणत होता, बाबा, नका ना एवढं सांगू, ती झोपल्यावर निघू. आबांनी ऐकलं नाही. ती रडली, त्यांनीही डोळे पुसले. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. मीही नोकरी लागून पोरिरुआ नावाच्या दूरच्या शहरी गेले.

गेल्या महिन्यात हिल्सबरोला गेले होते. मैत्री आता चार वर्षांची झाली आहे आणि तिला लस द्यायची होती. शीतलताईंबरोबर मीही दवाखान्यात गेले. नर्स तरुण होती, प्रेमळ होती. तिने सुई मागे लपवली आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, ते बघ, झाडावर पक्षी. मैत्रीने खिडकीकडे पाहिलंच नाही. तिने नर्सच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "डोन्ट ट्रिक मी. टेल मी."

नर्सने शीतलताईंकडे पाहिलं. शीतलताई म्हणाल्या, "सांग तिला." मग नर्स खुर्ची ओढून समोर बसली, सुई दाखवली आणि सांगितलं, की ही दंडात जाणार, दुखेल, फार वेळ नाही, पण दुखेल. मैत्रीने ओठ दाबले आणि बाही वर केली.

संध्याकाळी अकोल्याला व्हिडिओ कॉल लावला. आबा आता खाटेवरच असतात, आवाजही बारीक झाला आहे. शीतलताईंनी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "रडली का?"

"रडली आबा. सगळा दवाखाना गोळा केला."

"हात मांग घेतला का?"

"नाही."

 आबा म्हणाले, "दे तिच्याजवळ फोन."

मैत्री आली. आबांनी तिला दंड दाखवायला सांगितलं, तिने पट्टी लावलेला दंड स्क्रीनला टेकवला, आणि आबांनी तिकडून आपला डावा अंगठा पुढे केला.